लाल ठिपक्याचे बटण

टेपरेकॉर्डरवर पाच-सहा बटणे एका ओळीत असत आणि त्यांतल्या एकावर लाल ठिपका असे. ते एकटे दाबून भागत नसे, बरोबर ‘प्ले’ही दाबावे लागे, दोन बोटांनी एकदम. कुणाचा चुकून हात पडून आधीचे गाणे पुसले जाऊ नये, म्हणून केलेली ही सोय. शिवाय कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे असत. ते मोडले की लाल बटण खाली जातच नसे. विकत आणलेल्या भजनांच्या कॅसेटचे तुकडे कारखान्यातूनच काढलेले येत. मग त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची आणि त्याच कॅसेटवर नातवाचे बोबडे बोल, आत्याचा उखाणा किंवा गावच्या कीर्तनाचा शेवट भरून घ्यायचा. हा उद्योग मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी केला आहे.

खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राचा इतिहास सहसा ऐकण्याच्या बाजूने सांगितला जातो: वॉकमन आला, मग आयपॉड आला, मग मोबाइल आला. पण तो लाल ठिपक्याच्या बाजूने पाहिला तर वेगळाच दिसतो, आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाचकासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली. लू ऑटेन्स यांच्या हाताखालच्या तंत्रज्ञांनी ती बेल्जियममधल्या हॅसेल्ट येथे घडवली होती. सुरुवातीला तिच्याकडून गाण्याची अपेक्षा फारशी नव्हती, बोलणे टिपून घेतले तरी पुष्कळ झाले असे मानले जाई. जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची फीत, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने ‘हेड’समोरून सरकणार. आवाजाचे विजेत रूपांतर होते, त्या विजेने हेडमधले चुंबक कमी-जास्त होते आणि तो चढउतार फितीवरच्या कणांत उमटतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे ८६ मीटर फीत गुंडाळलेली असे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत अधिक पातळ, एकशेवीस मिनिटांची त्याहून पातळ. म्हणूनच ती सर्वांत जास्त गुंतायची आणि जाणते लोक महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणाला साठचीच कॅसेट वापरायचे.

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन विक्रीला आला. बातमीदारांसाठी सोनीने ‘प्रेसमन’ नावाचा छोटा रेकॉर्डर आधीच बनवला होता. त्यातला ध्वनिमुद्रणाचा भाग काढून तिथे स्टिरिओ ऐकवणारी मांडणी बसवली आणि वॉकमन तयार झाला. ध्वनिमुद्रण न करणारे यंत्र कोण विकत घेईल, अशी शंका कंपनीतल्याच लोकांनी बोलून दाखवली होती. ती खोटी ठरली, वॉकमनने जग जिंकले. मात्र लाल बटण तेव्हाच प्रथम गेले. दोन दशकांनी, २००१ मध्ये, अ‍ॅपलचा आयपॉड हजार गाणी खिशात घालून आला, तेव्हाही ते नव्हते.

आपल्याकडे गोष्ट जरा निराळी घडली. आखातात कामाला गेलेली माणसे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून रेडिओ आणि टेप एकत्र असलेले ‘टू-इन-वन’ आणू लागली. टू-इन-वनला लाल बटण होते. पाठोपाठ स्वस्त कॅसेटचा सुकाळ झाला. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीतअभ्यासकाने १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या या कॅसेट-संस्कृतीवर पुस्तकच लिहिले. मोठ्या ग्रामोफोन कंपन्या ज्यांना दारात उभे करत नव्हत्या, अशा बोलींना, जातींना आणि देवस्थानांना कॅसेटमुळे स्वतःचा आवाज मिळाला, हे त्याचे म्हणणे मराठवाड्याला तंतोतंत लागू पडते. प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट पंढरीच्या वाटेवर जितक्या वाजल्या, तितक्याच १४ एप्रिलला भीमनगरांमध्ये वाजल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटपाशी जनसागर लोटतो आणि भीमगीतांचे सूर दिवसभर थांबत नाहीत. या गीतपरंपरेतले पुष्कळ काही छापील पुस्तकांच्या आधी लोकांच्या गळ्यात होते, मग कॅसेटमध्ये आले.

या सगळ्याचा कळस म्हणावा असे एक काम याच भागात झाले आहे आणि त्याची माहिती शहरातल्या फार थोड्या लोकांना असते.

पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढे भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम ऐंशीच्या दशकापासून चालवले होते. कार्यकर्त्या खेड्यापाड्यांत बायकांशेजारी बसत आणि ओव्या वहीत उतरवून घेत. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण वहीत उतरलेली ओवी म्हणजे शब्द. तिची चाल, ओळ मध्येच तोडून घातलेले ‘बाई’, ‘गं’, दुसऱ्या बाईने मागून धरलेला सूर, श्वास घेण्यासाठी थांबलेले जाते, यातले काहीच वहीत येत नाही.

ही उणीव आधीच्या संग्राहकांनाही जाणवली असणार. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत खंडच्या खंड प्रसिद्ध केले. मराठवाड्यात डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी बायकांच्या ओव्यांमधून ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ उभी केली. मराठवाडा साहित्य परिषदेच्या संभाजीनगरातल्या सभागृहाला आज त्यांचेच नाव आहे. पुढे विद्यापीठात डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याचा आणि गावगाड्याबाहेरच्या समाजांचा अभ्यास आयुष्यभर केला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढ्या मोठ्या माणसांनी जमवलेले हे धन आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः कागदावरून. नांदापूरकरांनी ज्या बायकांकडून सीता ऐकली, त्या तिला कोणत्या चालीत गात होत्या, हे पुस्तकाच्या पानावरून सांगता येत नाही.

१९९६ मध्ये बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ आणि लोकसंगीताचे अभ्यासक राईरकर-पॉइटवँ यांच्या कामात सामील झाले. त्यांच्याकडे डिजिटल ऑडिओ टेपवर, म्हणजे ‘डॅट’वर, ध्वनिमुद्रण करणारे यंत्र होते. सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या आहेत. संभाजीनगरपासून सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या परभणी जिल्ह्यात ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायलेल्या ओव्याही आहेत. गंगूबाईंचा आवाज एकदा ऐकला की, ओवी हे ‘लोकगीत’ म्हणून कोपऱ्यात ठेवायचे प्रकरण नाही, हे कुणालाही कळते. तिथे एक पूर्ण गायिका गाते आहे. हा ठेवा २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘परी’, या संकेतस्थळावर शब्द, भाषांतर आणि आवाजासह टप्प्याटप्प्याने येत गेला. कुणीही मोबाइलवर तो फुकट ऐकू शकतो.

बेल यांच्या हातातले डॅट म्हणजे नेमके काय होते? कॅसेटसारखीच फीत, पण डबी काडेपेटीहून थोडी मोठी. साध्या कॅसेटमध्ये आवाजाचा चढउतार जसाच्या तसा चुंबकाच्या चढउतारात उतरतो. डॅटमध्ये आवाज आधी मोजला जातो, सेकंदाला ४८,००० वेळा, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते. फितीवर लिहिले जातात ते हे आकडे. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते. ते बिनचूक पकडायचे तर त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मोजमापे हवीत, म्हणून हा ४८,०००चा हिशेब. एवढे आकडे संथ सरकणाऱ्या फितीवर मावावेत यासाठी हेड एका तिरप्या फिरत्या ढोलावर बसवलेले असे आणि तो ढोल मिनिटाला दोन हजार फेरे घेई. परिणामी खरखर जवळजवळ नाही, आणि नक्कल काढली तरी मूळ आणि नक्कल यांत फरक नाही. साध्या कॅसेटची नक्कल, नकलेची नक्कल काढत गेले की दर वेळी फसफस वाढते आणि तीव्र स्वर विझत जातात. दोन कॅसेटच्या टेपवर ज्यांनी मित्राकडून गाणी ‘मारून’ घेतली आहेत, त्यांना हे पाठ आहे.

पण डॅटची यंत्रे नाजूक आणि महाग होती, घराघरांत ती कधी पोचलीच नाहीत. २००५ मध्ये सोनीने ती बनवणे थांबवले. आज चालू स्थितीतले डॅट यंत्र शोधणे हेच मोठे काम होऊन बसले आहे. ओव्यांच्या फिती जात्याच चांगल्या होत्या हे खरे, पण गुरुग्रामच्या ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी’सारख्या संग्रहात त्यांना जागा मिळाली आणि त्यांचे वेळेत संगणकीकरण झाले, हे महत्त्वाचे ठरले. फीत शाबूत आणि ती वाजवणारे यंत्रच नाही, अशी वेळ यायला फार वर्षे लागत नाहीत.

मधल्या काळात ऐकण्याची यंत्रे स्वस्त होत गेली. एमपी३ने आवाजाचे आकारमान दहा-बारा पटींनी घटवले. कानाला सहज न जाणवणारे बारकावे गाळायचे, ही त्याची युक्ती. सीडीच्या दर्जाचे एक मिनिट म्हणजे सुमारे दहा मेगाबाइट, एमपी३त तेच जेमतेम एक. मग पैठण गेटच्या मोबाइल दुकानांपासून तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत ‘कार्डात गाणी भरून’ मिळू लागली. शेतात कापूस वेचताना बांधावर ठेवायचा छोटा स्पीकर, त्यात मेमरी कार्ड, आणि कार्डात हरिपाठापासून कव्वालीपर्यंत सगळे. २०१७ मध्ये सारेगामाने ‘कारवां’ आणला. जुन्या रेडिओच्या रूपातल्या या पेटीत पाच हजार गाणी आधीच भरलेली. आजी-आजोबांना भेट देण्याची वस्तू म्हणून तो घरोघरी गेला. भेट चांगलीच आहे. फक्त तो आजीला गाणी ऐकवतो, आजीचे गाणे ऐकत नाही.

ते काम करणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले आहे, ते म्हणजे मोबाइल. लाल ठिपका परत आला, बोट लावले की सुरू. मेमरीची चणचण नाही, फितीचा गुंता नाही. एक तासाचे उत्तम ध्वनिमुद्रण एक जीबीच्या आसपास बसते. तरीही मोबाइलवर केलेली बहुतेक ध्वनिमुद्रणे वाईट असतात. याची कारणे समजून घेतली तर ती सहज टाळता येतात.

मोबाइल मुळात फोनवर बोलण्यासाठी घडवलेला आहे. पलीकडच्याला आपले बोलणे कळावे म्हणून तो सतत एकसारखा चालणारा आवाज ‘गोंगाट’ समजून दाबतो. पंख्याच्या घरघरीसाठी हे ठीक. पण जात्यावर बसलेल्या बाईचे ध्वनिमुद्रण करताना तो जात्याची घरघरही गोंगाटच समजतो! ज्या लयीवर ओवी उभी आहे तीच यंत्र पुसून टाकते, आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. तंबोऱ्याचे, संवादिनीच्या भात्याचे, एकतारीचेही तेच होते. म्हणून रेकॉर्डर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘नॉइज रिडक्शन’ बंद करावे. गुणवत्तेत ‘वेव्ह’चा पर्याय असेल तर तो निवडावा, नसेल तर सर्वांत वरचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजवर ओवी घेऊ नये. तिथे आवाज इतका दाबला जातो की तो निरोपापुरताच उरतो.

बाकीचे शहाणपण यंत्राचे नाही, खोलीचे आहे. फोनचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो, ती कड गाणाऱ्याकडे करून फोन एका हाताच्या अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा. उघड्या टेबलावर किंवा फरशीवर ठेवला तर बांगडीचा साधा धक्काही दणक्यासारखा उमटतो. फोन विमान-मोडवर टाकावा. फ्रिज, कुलर, टीव्ही बंद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून म्हाताऱ्या माणसाला बसवणे योग्य नाही, तेव्हा वेळ पहाटेची घ्यावी. जात्याची वेळही तीच होती. सुरुवातीला आपल्याच आवाजात तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव आणि माहेर सांगावे. फाइलचे नाव बदलते, हरवते, पण ध्वनिमुद्रणातच बोललेली ओळख हरवत नाही.

वेगळा रेकॉर्डर घ्यावा का? हलगी, संबळ, ढोलकी, दिमडी यांच्याजवळ मोबाइलचा आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. गोंधळ, भारूड, कव्वाली ज्यांना मनापासून टिपायची आहे, त्यांनी झूम, टॅस्कॅम किंवा सोनीचा हातात मावणारा रेकॉर्डर घ्यावा, असे निःसंकोच सांगता येईल. त्यात दोन माइक असतात. आवाजाची पातळी हाताने ठरवता येते, ती सर्वांत मोठ्या ठोक्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी, म्हणजे वर जागा उरते. अलीकडच्या काही यंत्रांत ‘३२-बिट फ्लोट’ ही सोय आहे. त्यात पातळी चुकली तरी ध्वनिमुद्रण सहसा वाया जात नाही. नवख्याला ती वरदान आहे. घरातल्या आजीच्या ओव्यांसाठी मात्र खर्चाची गरज नाही, मोबाइल पुरतो.

आणि टिपण्यासारखे संभाजीनगर जिल्ह्यात काय नाही? पैठणला नाथषष्ठीत गायली जाणारी एकनाथांची भारुडे. कन्नड-सोयगावकडच्या तांड्यांवरची गोरबोलीतली लग्नगीते. खुलताबादच्या उरुसातली कव्वाली. जुन्या शहरातल्या मोहल्ल्यांत बोलली जाणारी दखनी, जिच्यात आजोबांच्या पिढीचे शब्द नातवांच्या तोंडी क्वचितच येतात. गाणेच हवे असेही नाही. रझाकारांच्या काळात लहान असलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आणि सुकडीवर दिवस काढलेल्या बायका अजून घरोघरी आहेत. त्यांना ‘काहीतरी सांगा’ म्हटले की त्या गप्प होतात. ‘खडी फोडायला पहिल्या दिवशी कोण कोण गेलं होतं?’ असे विचारले की बोलू लागतात.

टिपताना एक गोष्ट विसरू नये. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आला आणि १९९९च्या दुरुस्तीने त्याची मुदत ५० वर्षांची झाली. गायिका म्हणजे फक्त रंगमंचावरची नव्हे, ओसरीवर गाणारी बाईसुद्धा कायद्याच्या भाषेत सादरकर्तीच आहे. तेव्हा तिला आधी सांगावे, हे कशासाठी घेतो आहोत, कुणाला ऐकवणार आहोत. नंतर तेच तिला ऐकवावे. तिच्या परवानगीवाचून रील करून टाकू नये.

शेवटी जुन्या कॅसेटबद्दल, कारण तिथे वेळ खरोखर कमी उरला आहे. उन्हाने फीत वाकते, पावसाळ्यात तिच्यावर बुरशी चढते, डबीतला दाबपट्टीचा नमदा गळून पडतो. कपाटात अशी कॅसेट असेल तर आधी कडेचे दोन्ही तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे तिच्यावर चुकून काही भरले जाणार नाही. डबी मोडली असेल तर स्क्रू काढून फीत दुसऱ्या डबीत घालता येते, कोणताही जुना टेप-मेकॅनिक ते करून देतो. मग चांगला टेपडेक मिळवावा, त्याचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावे आणि त्याची वायर संगणकाला जोडून आवाज उतरवून घ्यावा. स्पीकरसमोर मोबाइल धरून नव्हे. एक प्रत घरच्या संगणकात, दुसरी पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी. कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईने ‘आई – पंचमी’ असे काही लिहिलेले असेल, तर या दिवाळीच्या आवराआवरीत ती फेकू नका. आधी ती एकदा ऐका.